रात्रभर झोप नाही, तरी सकाळी भूक का नाही? (यजमानांना पार्किन्सन्स)

अबोली_डिचोली, १८ जून

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमच्या यजमानांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे. वय ६४. निदान २०१७ साली झालं. त्याआधी वर्षभर चालताना डावा हात हलायचा नाही, अंगाला चिकटून राहायचा. आम्ही खांदा आखडला समजून तेल चोळत बसलो. त्यांचं आयुष्य खाणीवर गेलं, डंपर लावून घ्यायचं काम. मी डिचोलीत खाणावळ चालवते, बावीस वर्षं झाली. दुपारी साठ-सत्तर ताटं जातात.

दीड वर्षात त्यांचं वजन ७१ वरून साडेएकोणसाठवर आलं. तांदळाची पोती तोलायचा काटा आहे आमच्याकडे, दर रविवारी त्यावर उभे करते. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं, तेही आता पुरत नाही.

रात्रीचं सांगते. साडेनऊला आडवे होतात. पहाटेपर्यंत चार-पाच वेळा लघवीला उठणं. कुशीवर वळता येत नाही, हाक मारतात, मग मी खांद्याखाली हात घालून वळवते. अडीच-तीनच्या सुमाराला झोपेत हातपाय झाडतात आणि मोठ्याने ओरडतात, "फाटीं घे, फाटीं घे! राव!" डंपर मागे घ्यायला लावत असतात. मागच्या महिन्यात भिंतीवर मूठ मारून बोटांची सालं काढली. जागं केल्यावर म्हणाले, डंपर कड्यावरून चालला होता. हे ओरडणं आजाराच्याही आधीचं आहे. २००९ च्या चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी सगळे ओळीने झोपलो होतो, तेव्हा यांनी झोपेत माझ्या दिराला लाथ मारली होती. तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही.

आता भुकेचं. सकाळी दहाला कण्यांची पेज, आंब्याचं मिसकूट, म्हणजे लोणचं, आणि भाजलेला सुका बांगडा, हे त्यांचं जन्माचं खाणं. पूर्वी मी मागे चुलीवर बांगडा टाकला की रस्त्यावरून वास ओळखून आत यायचे. आता ताटाशी नेऊन ठेवला तरी वास येत नाही. चार चमचे पेज घेतात, वाटी हळूच पुढे सारतात आणि म्हणतात, "भूक ना गो. मागीर जेवतां." मागीर काही येत नाही.

एप्रिलच्या शेवटापासून हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागले. रात्री किती वेळा उठले, ओरडले का, सकाळी काय आणि किती पोटात गेलं, दिवसा काही वेगळं दिसलं तर तेही. ४१ रात्रींची नोंद आहे. ९ रात्री बऱ्या गेल्या, म्हणजे फार तर दोनदा उठले आणि ओरडले नाहीत. त्या नऊच्या नऊ दिवशी सकाळची पेज संपली आहे. बाकी दिवशी अर्धी वाटी, पाव वाटी. १ जूनला लिहिलंय, "६ वेळा उठले, पेज ३ चमचे, चहा पण अर्धा." ५ जूनला, "१ वेळ, पेज पूर्ण, परत थोडी घेतली."

माझा गोंधळ इथे आहे. जिथे वाचावं तिथे लिहिलेलं असतं की झोप कमी झाली की भुकेचं हार्मोन वाढतं आणि माणूस जास्त खातो. ते मला पटतंही, कारण रोज बघते. रात्रपाळी करून आलेले ट्रकवाले सकाळी सातला माझ्याकडे पातळभाजीबरोबर चार-चार पाव खातात, वर मिरची भजी आणि शिरा. झोप नाही आणि भूक दुप्पट. मग माझ्या घरात उलट का? यांच्या शरीरात ते हार्मोन तयारच होत नाही का? रक्त तपासून कळतं का? आणि मी आधी झोपेच्या मागे लागू की खाण्याच्या?

औषधं: लेव्होडोपा-कार्बिडोपा (पार्किन्सन्सची मुख्य गोळी, मेंदूत तिचं डोपामाइन होतं) तीन वेळा, सकाळी ८, दुपारी १, रात्री ८. रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून मी जेवणासोबतच देते. पोट फुगतं, थोडं खाल्लं की भरल्यासारखं होतं म्हणून एका दवाखान्यातून गॅसची कॅप्सूल दिली होती, ती सात महिने सकाळी अनशेपोटी चालू आहे. बद्धकोष्ठ आहेच.

साठ-सत्तर माणसं माझ्या हातचं जेवून तृप्त होऊन जातात, आणि ज्यांच्यासाठी मी पहिल्यांदा चूल पेटवली त्यांच्या पोटात चार घास जात नाहीत. कोणाला याचा अनुभव असेल तर कृपा करून सांगा.

---

निवृत्त_मास्तर_फोंडा, १९ जून

अबोलीताई, मी स्वतः शुभार्थी आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. 'रुग्ण' म्हणवून घेण्यापेक्षा मला तो शब्द बरा वाटतो. नऊ वर्षे झाली. त्याआधी एकतीस वर्षे मुलांना जीवशास्त्र शिकवले. गोळीचा असर आहे तोवर टाइप करतो आहे, दोन बैठकींत लिहीन.

आधी तुमच्या वहीबद्दल. ४१ रात्री नेमाने लिहून ठेवणे सोपे नाही. ती वही डॉक्टरांना दाखवा. तोंडी "झोपत नाहीत, जेवत नाहीत" सांगण्यापेक्षा ती दोन पाने जास्त बोलतील.

तुम्ही वाचले ते खोटे नाही. २००४ साली शिकागोत एक प्रयोग झाला. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास अंथरुणात राहू दिले, आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर त्यांच्या रक्तातले लेप्टिन १८ टक्के खाली आले, घ्रेलिन २८ टक्के वर गेले आणि भूक २४ टक्के वाढली. लेप्टिन चरबीतून येते आणि मेंदूला सांगते की साठा आहे, पुरे. घ्रेलिन मुख्यतः जठरातून येते आणि सांगते की पोट रिकामे आहे, खा. तुमचे ट्रकवाले त्या बारा जणांसारखेच आहेत. जठर निरोप धाडते, वाट मोकळी आहे, मेंदू ऐकतो.

पार्किन्सन्समध्ये निरोप निघण्यापासून ऐकण्यापर्यंत सगळीकडेच अडते.

जठरापासून सुरुवात करू. जठराचा मेंदूशी जो मोठा दुवा आहे, व्हेगस नावाची नस, तिचे मेंदूतले केंद्र या आजाराच्या तावडीत फार लवकर सापडते. हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने २००३ मध्ये आजाराच्या पायऱ्या मांडल्या, त्यात वास ओळखणारा भाग आणि हे केंद्र पहिल्याच पायरीवर आहेत. हात थरथरण्याच्या कितीतरी आधी. म्हणून यजमानांना बांगड्याचा वास येत नाही, आणि म्हणूनच जठर सावकाश रिकामे होते. रात्री आठचे जेवण सकाळीही थोडे पोटात असेल तर घ्रेलिनला वर चढायला कारणच उरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात जेवणानंतरचा घ्रेलिनचा प्रतिसाद पार्किन्सन्सच्या लोकांत निरोगी माणसांपेक्षा मंद आढळला. आणि ज्यांना अजून पार्किन्सन्स झालेला नाही, पण झोपेत हातपाय झाडून ओरडण्याचा विकार आहे, त्यांच्यातही तो तसाच मंद होता. तुमच्या २००९ च्या चवथीची गोष्ट वाचताना मला हाच अभ्यास आठवला.

त्या ओरडण्याबद्दल. स्वप्नाच्या झोपेत शरीर स्नायूंची वीज बंद करते, म्हणून आपण स्वप्नात धावतो पण पाय हलत नाहीत. यजमानांचे ते बटण बिघडले आहे. अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये हा विकार प्रथम नीट मांडला. पुढे असे २९ पुरुष त्यांनी पाहत ठेवले, १९९६ पर्यंत त्यांतल्या ११ जणांना पार्किन्सन्ससारखा आजार झाला होता. म्हणजे तुमच्या घरी आजार २०१७ ला आला नाही, तेव्हा ओळखला गेला.

(दुपारनंतर लिहितो आहे.)

आता मेंदूच्या बाजूचे, आणि मला यात सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तिथे थोड्या पेशी ऑरेक्सिन नावाचे रसायन करतात. १९९८ मध्ये ते सापडले आणि नाव भुकेवरून पडले, कारण ग्रीक भाषेत ऑरेक्सिस म्हणजे भूक. पण ह्याच पेशी माणसाला दिवसा जागे ठेवतात. खाण्याची ओढ आणि जागेपण एकाच मूठभर पेशींच्या हाती. २००७ मध्ये पार्किन्सन्सने गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले, तेव्हा पहिल्या टप्प्यात या पेशी २३ टक्के आणि शेवटच्या टप्प्यात ६२ टक्के कमी झालेल्या आढळल्या. तेव्हा ताई, "झोप गेली म्हणून भूक गेली" इतकाच सरळ धागा धरू नका. एकाच मुळाला कीड लागली आहे आणि दोन फांद्या सुकत आहेत, असेही असू शकते.

लेप्टिनचे म्हणाल तर वजन उतरले की तेही उतरते, आणि त्याने भूक वाढायला हवी. पार्किन्सन्समध्ये वजन उतरलेल्यांत ते कमी असल्याचे काही अभ्यासांत दिसले, काहींत फरकच दिसला नाही. पण कमी असूनही भूक वाढत नाही, हे तुमच्या घरी आहे आणि माझ्याही घरी. मला भूक लागल्याचे पोटातून कळत नाही. बोटे गार पडतात, चिडचिड होते, मग बायको विचारते, सकाळपासून काय खाल्ले?

रक्ततपासणी करू नका. घ्रेलिन तासातासाला बदलते आणि आकडा कळून औषध बदलत नाही. त्यापेक्षा साखर, थायरॉइड, बी-१२ तपासा. बारा किलो उतरले आहेत, सगळे पार्किन्सन्सच्या नावावर टाकून गप्प बसू नये. आणि मन उदास आहे का तेही डॉक्टरांना विचारू द्या, तोही या आजाराचाच भाग असतो.

आता तुमच्या हातातली गोष्ट. रात्री ८ नंतर थेट सकाळी ८ ला गोळी. मध्ये बारा तास शरीर कोरडे. वाईट रात्रीनंतर सकाळी ते ताठर असतात, गिळणे मंद, पोट मंद, आणि अशा वेळी समोर पेज येते. शिवाय तुम्ही गोळी हुमणाबरोबर, म्हणजे माशाच्या आमटीबरोबर, देता. लेव्होडोपा आणि माशातली प्रथिने आतड्यातून एकाच दाराने आत जातात, मेंदूतही एकाच दाराने. दाराशी गर्दी झाली की गोळी मागे राहते. जेवणाआधी निदान अर्धा तास, जमल्यास पाऊण तास गोळी हवी. मळमळत असेल तर सोबत अर्धे केळे किंवा दोन साधी बिस्किटे द्या, दूध नको. वेळा मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

झोप आधी की खाणे आधी, असे विचारलेत. मी म्हणेन, गोळीची वेळ आधी.

---

केवडा_मडगाव, १९ जून

अबोलीताई, तुमचं वाचून रडू आलं. आमच्याकडे अगदी उलटं झालं होतं, ते सांगते, कारण कोणीतरी वाचणारं असेल.

माझ्या आईला लेव्होडोपाबरोबर प्रामिपेक्सोल सुरू केलं होतं. पाचेक महिन्यांनी ती रात्री दोनला उठून फ्रीज उघडायला लागली. दोदोल, बेबिंका असली गोडं, काही नसलं तर साखर घातलेलं दूध. एकदा सकाळी बघते तर नाताळसाठी आणलेला दोदोलचा अख्खा गोळा संपलेला आणि आई त्या रिकाम्या डब्याशेजारी खुर्चीत झोपलेली. आठ महिन्यांत ११ किलो वजन वाढलं. आम्ही तिला रागावलो. "आई, जिभेवर ताबा ठेव" असं मी माझ्या तोंडाने म्हणाले, ते मला अजून लागतं. ती फक्त म्हणायची, "म्हाका कळना गो, हात आपूण वता." (मला कळत नाही गं, हात आपोआप जातो.)

पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. या जातीच्या गोळ्या डोपामाइनचं, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाचं, सोंग घेतात, त्यामुळे काही जणांत खाण्याची, खरेदीची, जुगाराची अनावर ओढ लागते, आणि दिवसा बसल्याजागी झोप येते. सावकाश कमी करत नेली. एकदम बंद करायची नाही, त्याने वेगळाच त्रास होतो. तीन महिन्यांनी रात्रीचं उठणं थांबलं.

तुमच्या यजमानांना ही गोळी नाही म्हणा. पण पुढे कधी दिली तर वही चालू ठेवा, आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की अशी ओढ लागली तर लपवायची नाही.

---

म्हापसा_फार्मसी, २० जून

ताई, त्या गॅसच्या कॅप्सूलच्या पट्टीवर मागे काय छापलंय ते शब्द न् शब्द इथे लिहा. आजच.

मी काउंटरवर बसतो, म्हणून घाई करतो आहे. गॅस, अपचन, पोट भरल्यासारखं वाटणं यासाठी आपल्याकडे पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल सर्रास दिली जाते. लेव्होसल्पिराइड डोपामाइनचं काम अडवतं. एका हाताने लेव्होडोपा द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचीच वाट बंद करायची, असं होतं. पार्किन्सन्स नसलेल्या माणसालाही हे बरेच महिने घेऊन कंप आणि ताठरपणा आलेला मी पाहिला आहे. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, हीसुद्धा त्याच वळणाची. मळमळीसाठी पार्किन्सन्समध्ये बहुधा डोम्पेरिडोन देतात, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण हृदयाचा त्रास असेल तर आधी ईसीजी बघतात.

हे नाव निघालं तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करा, सोमवारची वाट बघू नका. आणि पुढे कोणत्याही दवाखान्यात गेलात, दाताच्यासुद्धा, तर पहिलं वाक्य "यांना पार्किन्सन्स आहे" हे.

---

अबोली_डिचोली, २० जून

दादा, पट्टी आत्ता बघितली. चष्मा लावून दोनदा वाचली. रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड ७५. हात थरथरतो आहे माझा. सात महिने मीच रोज सकाळी पाण्याबरोबर हातावर ठेवत होते. फोन करते.

---

खालापूरकर, २१ जून

इतक्या गोळ्या कशाला? खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण द्या, त्यात नैसर्गिक डोपा असतं. माझ्या काकांना फरक पडला होता.

---

निवृत्त_मास्तर_फोंडा, २१ जून

खाजकुयलीत लेव्होडोपा असतो हे खरे आहे, आणि म्हणूनच ते गोळीवर आणखी घालायचे नसते. चमच्यात किती आहे ते कोणालाच सांगता येत नाही. जास्त झाला तर वेडीवाकडी हालचाल, भास, रक्तदाब उतरून पडणे. यजमान रात्री चार वेळा उठतात, पडले तर कंबरेचे हाड जाईल. डॉक्टरांच्या नकळत देऊ नका, ताई.

---

शुभंकर_कोथरूड, २२ जून

रात्री वळण्यासाठी एक करून बघा. कमरेखालच्या भागात साटीनचं कापड अंथरा, चादरीवर आडवं, दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचून. पायाकडे मात्र साधी सुती चादरच राहू द्या, टाचा रोवायला लागतात. माझे मिस्टर यावर स्वतः वळतात. पलंगाच्या पायथ्याला दोर बांधून त्याला गाठी मारल्या आहेत, त्या धरून उठतात. ओरडण्यासाठी भिंतीच्या बाजूला जुनी गादी उभी करा, उशाजवळची तांब्या-भांडी, काचेचा दिवा हलवा.

---

अबोली_डिचोली, ८ ऑगस्ट

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमा करा.

फोनवरच डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करायला सांगितली. आठवड्याने वही घेऊन गेलो. ते काही न बोलता ती दोन पानं वाचत बसले, मग म्हणाले, याचा फोटो काढू द्या. गोळ्या आता सकाळी साडेसहा, दुपारी बारा, संध्याकाळी साडेसहा, आणि झोपताना एक हळूहळू विरघळणारी. जेवण प्रत्येक वेळी पाऊण तासाने. ओरडण्यासाठी झोपेआधी मेलाटोनिन, ३ मिलिग्रॅम. क्लोनाझेपामचं (गुंगी आणणाऱ्या गोळीचं) मी विचारलं होतं. रात्री उठून तोल जाईल, आधी हे बघू, म्हणाले. साखर आणि थायरॉइड ठीक आहेत. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत.

मास्तर, तुम्ही प्रथिनांचं लिहिलंत त्या रात्री मी वही पुन्हा काढली. माझ्या डोक्यात एक आलं होतं. आमच्याकडे सोमवारी शिवराक. दुपारी तोय, भात, एखादी भाजी, खतखतें. मासे नाहीत. मी सगळे सोमवार लाल पेनाने गोल केले. सहा सोमवार होते. त्यातल्या पाच ठिकाणी दिवसाच्या नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "संध्याकाळी तुळशीपर्यंत चालले", "शर्टाची बटणं स्वतः लावली", "रात्री जेवण बरं". बाकी वारांना असं एखाद-दुसऱ्या ठिकाणीच. मी स्वतः लिहिलं आणि मला दिसलं नाही. मला वाटायचं सोमवारी देवळात जाऊन येतात म्हणून मन बरं असतं.

म्हणून आता बांगडा, इसवण जे काही असेल ते रात्रीच्या जेवणात, आणि रात्रीचं जेवण सव्वासातला. दुपारी त्यांच्या ताटात भात, भाजी, सोलकढी. प्रथिनं कमी करायची नाहीत, फक्त जागा बदलायची, असं डॉक्टरांनीही बजावलं. श्रावण लागलाय, महिनाभर घरात मासे नाहीत, त्यामुळे रात्री मुगाची गाठी, अळसांदे, पनीर चालू केलं आहे. एकदम मोठं ताट ठेवत नाही. वाटीभर दर अडीच तासांनी, नाचण्याचं तिजान, मऊ केळं, पेज. वास येत नाही म्हणून आंबट आणि तिखट थोडं वाढवलं आहे, जीभ अजून त्यांना ओळखते. तिरफळ घातलेलं त्यांना लगेच कळतं.

पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, उलट वजन ५८.८ पर्यंत उतरलं. मी घाबरले होते. म्हापशाचे दादा, तुम्ही खाजगी निरोपात लिहिलं होतं की त्या कॅप्सूलचा असर उतरायला आठवडे-महिने लागतात, ते वाचून धीर धरला. मग जुलैच्या मध्यापासून काटा थांबला. परवाच्या रविवारी ६०.३.

झोप पूर्ण बरी नाही. रात्री तीनदा उठतातच. पण साटीनवर स्वतः वळतात, मला हाक मारत नाहीत. पहिल्या रात्री हाक आली नाही म्हणून मीच दचकून उठून श्वास बघितला. ओरडणं गेल्या चौदा रात्रींत चार वेळा. केवडा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ह्यांच्याकडून मी वचन घेतलं आहे की काही वेगळं वाटलं तर लपवायचं नाही.

भूक लागली असं अजून त्यांच्या तोंडून आलेलं नाही. घड्याळ बघून जेवतात. पण मंगळवारी पेज देताना मी मिसकूट वाढायला विसरले, तर वाटी पुढे सारली नाही, फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "तें खंय?" बरणी काढून दिली.

एक विचारायचं राहिलं. चवथीला पाच दिवस मूळ घरी जायचं आहे, जेवणं दुपारी तीनला होतात. गोळी बाराचीच ठेवू की पुढे ढकलू?

---

निवृत्त_मास्तर_फोंडा, ८ ऑगस्ट

गोळी बाराचीच. सव्वा वाजता त्यांना आधी पेज किंवा थोडा भात वाढा, पंगतीला बसले तरी चालेल, थोडे खाऊन. वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे नैवेद्याआधी कसे वाढले म्हणून कोणी बोलणार नाही. झोपायला भिंतीकडची जागा नको, आणि दिराला थोडे लांब झोपू द्या. वजन परत आल्यावर तुमच्याच काट्यावर करा, रविवारी, पेजेआधी.